योनोमोरीचा रस्ता आणि भरपाईचा हिशेब

घराची, गाडीची किंवा दुकानाची कुठलीही विमा पॉलिसी काढून बघा. पुढची चकचकीत पानं सोडा, मागचं बारीक अक्षरातलं वाचा. युद्ध, बंड वगैरेंच्या शेजारी एक ओळ सापडेल. अणुइंधन, किरणोत्सर्ग किंवा त्यातून पसरलेलं दूषण यामुळे झालेलं नुकसान आम्ही देणार नाही, अशा अर्थाची. मी इंदूरला जनरल इन्शुरन्समध्ये एकतीस वर्षं क्लेमच्या टेबलावर बसलो. पुरात वाहून गेलेल्या म्हशीपासून सियागंजात जळालेल्या गोदामापर्यंत सगळं पाहिलं, पण त्या ओळीखाली माझ्याकडे एकही कागद आला नाही. तुम्ही वाटेल तेवढा प्रीमियम भरायला तयार असाल तरी तुमच्या घराचा हा धोका कोणी उतरवून देत नाही. मग खरोखरच काही झालं तर पैसे कोण देणार, किती देणार आणि नकाशावरच्या कुठल्या रेषेपर्यंत देणार? हे देशाचा कायदा आधीच ठरवून ठेवतो आणि आपण तो वाचलेला नसतो.

माझी भाची सहा वर्षं टोकियोत नोकरी करते. गेल्या नोव्हेंबरात तिच्याकडे जायचं ठरलं, तेव्हा मी फुजी पर्वत आणि क्योटोची देवळं तिच्या मामीवर सोपवली आणि स्वतःसाठी दोन दिवस फुकुशिमाचे मागून घेतले. भाची म्हणाली, "मामा, तू रिटायर झालायस ना?" पण आली बरोबर. तिच्या जपानीशिवाय माझं काही चाललं नसतं. डब्यात पुऱ्या आणि इंदूरहून नेलेली लसणाची शेव होती. शाकाहारी माणसाने जपानच्या लहान गावांत जाताना ही तजवीज करावी, नाहीतर आंबट उमेबोशी घातलेल्या भाताच्या त्रिकोणांवर दिवस काढावे लागतात.

आधी काळजीचं उत्तर देऊन टाकतो, कारण घरून रोज तोच फोन येत होता. २०११ मध्ये रिकामा केलेला बराचसा भाग आता राहायला खुला आहे. रस्त्याकडेला, स्टेशनांबाहेर, शाळांच्या आवारात किरणोत्सर्ग मोजणारी यंत्रं उभी असतात आणि लाल आकडे चमकत असतात. आम्ही गेलो त्या बहुतेक ठिकाणी ताशी ०.१ मायक्रोसिव्हर्टच्या आसपास किंवा त्याखाली आकडा होता. अजून बंद असलेला डोंगराकडचा भाग वेगळा, तिथे जाता येतच नाही.

उएनोहून जोबान मार्गावरची 'हिताची' एक्स्प्रेस पकडली. अपघातानंतर हा मार्ग मधोमध तुटला होता, तो मार्च २०२० मध्ये पूर्ण जोडला गेला. मितोनंतर थोड्या वेळाने तोकाई नावाचं स्टेशन मागे पडलं. प्रवासी मोबाइलमध्ये मान घालून बसलेले. मी मात्र खिडकीला नाक लावून बघत होतो, कारण अणुअपघाताच्या भरपाईचा जपानचा पहिला मोठा धडा याच गावातला. ३० सप्टेंबर १९९९ ला जेसीओ या कंपनीच्या इंधन कारखान्यात कामगार युरेनियमचं द्रावण स्टीलच्या बादलीने टाकीत ओतत होते. प्रमाणाबाहेर ओतलं गेलं आणि साखळी अभिक्रिया सुरू झाली. दोन कामगार मरण पावले. सुमारे सात हजार दावे आले, त्यांत धंदा बुडाल्याचे पुष्कळ होते, कारण तोकाईचं नाव ऐकताच माल कोणी घेईना. भरपाई गेली साधारण १,५०० कोटी येनांवर. कंपनीने कायद्यानुसार बाजूला ठेवलेली हमी होती १०० कोटी येनांची. बाकीचा भार उचलायला पालक कंपनी पुढे आली म्हणून निभावलं. पालक कंपनीचा खिसा रिकामा असता तर काय झालं असतं, हा प्रश्न तेव्हा विचारला गेला आणि विसरलाही गेला.

तोमिओका स्टेशन समुद्राला इतकं खेटून आहे की फलाटावरून लाटा दिसतात. जुनं स्टेशन त्सुनामीत वाहून गेलं, हे नवं. गावात टेपकोने, म्हणजे फुकुशिमाचा प्रकल्प चालवणाऱ्या टोकियोच्या वीज कंपनीने, एक माहिती केंद्र काढलं आहे. इमारत बघून हसू येतं. आइनस्टाइन, एडिसन आणि मेरी क्यूरी यांच्या घरांच्या धर्तीवर बांधलेली तीन टुमदार घरं शेजारी शेजारी. अणुवीज किती छान हे शाळकरी मुलांना सांगायला ती बांधली होती. आता त्याच घरांत अपघात कसा झाला ते सांगतात, आणि सुरुवात माफीने होते. प्रवेश फुकट. मांडणी उत्तम, माणसं विनम्र. भरपाईबद्दल मात्र मला हवं होतं तेवढं तिथे काही नव्हतं. ते सांगितलं आमच्या गाइडबाईंनी.

बाई साठीच्या पुढच्या. घर तोमिओकातल्याच योनोमोरी भागात होतं, आता मुक्काम तासाभरावरच्या इवाकी शहरात. आठवड्यातून दोनदा येऊन पाहुण्यांना गाव दाखवतात. त्यांना कळलं की मी आयुष्यभर क्लेम पास केले आहेत, तेव्हा त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, जसं आपण बदली होऊन आलेल्या तलाठ्याकडे पाहतो. मग म्हणाल्या, "तुम्ही किती पानांचा फॉर्म द्यायचात?"

मी म्हटलं, चार पानी, फार तर सहा.

सप्टेंबर २०११ मध्ये टेपकोने लोकांना पाठवलेला पहिला फॉर्म साठ पानांचा होता, आणि तो कसा भरायचा हे सांगणारी पुस्तिका १५६ पानांची. लोक तेव्हा शाळांच्या हॉलमध्ये, तात्पुरत्या खोल्यांत राहत होते. पावत्या जोडायच्या होत्या. ज्या घरातून रात्रीतून निघालो तिथल्या पावत्या कुठून आणायच्या? बाईंनी पहिला फॉर्म तसाच पिशवीत ठेवून दिला. त्यांच्यासारख्या कितीतरी जणांनी ठेवला. बोंब झाली तेव्हा कंपनीला तो सोपा करावा लागला.

इथे थोडा कायदा सांगतो, कंटाळू नका. जपानचा अणुभरपाईचा कायदा १९६१ चा. त्याचं सूत्र असं, की अपघात झाला तर चूक कुणाची हे सिद्ध करायची गरज नाही. प्रकल्प चालवणारी कंपनी देणार, आणि तिच्या देण्याला कमाल मर्यादा नाही. फक्त एक पळवाट ठेवलेली, असाधारण स्वरूपाची मोठी नैसर्गिक आपत्ती असेल तर कंपनी सुटते. ११ मार्च २०११ चा भूकंप ९ रिश्टरच्या घरातला. त्यामुळे ही पळवाट वापरली जाईल का याची तेव्हा खूप चर्चा झाली. सरकारने ती वापरू दिली नाही. पण फुकुशिमाच्या प्रकल्पासाठी ठेवलेली हमी होती १२,००० कोटी येनांची, आणि आजवर भरपाई दिली गेली आहे १० लाख कोटी येनांच्या वर. म्हणजे आपल्या पाच लाख कोटी रुपयांहून जास्त. एवढे पैसे कुठल्याच वीज कंपनीच्या तिजोरीत नसतात. म्हणून त्याच वर्षी सरकारने एक निधी उभा केला. सरकार त्यात पैसे घालतं, निधी टेपकोला देतो, टेपको लोकांना देते, आणि मग टेपकोसकट सगळ्या अणुवीज कंपन्या वर्षानुवर्षं हप्त्यांनी ते परत करतात. हप्ते शेवटी विजेच्या बिलातून येतात. म्हणजे गाइडबाईंना मिळालेल्या भरपाईचा एक कण त्या स्वतःच दर महिन्याला भरत आहेत. मी हे बोलून दाखवलं, तर भाचीने भाषांतर करावं की नाही असा चेहरा केला. बाई मात्र मान हलवून म्हणाल्या, हे आम्हाला माहीत आहे.

योनोमोरी चेरीच्या झाडांसाठी प्रसिद्ध. दोन्ही बाजूंनी झाडं रस्त्यावर वाकलेली, एप्रिलमध्ये फुलांचा बोगदा होतो म्हणे. आम्ही गेलो तेव्हा पानं लालसर होऊन गळत होती. त्याऐवजी काकी, म्हणजे जपानी तेंदूफळ, जागोजागी झाडावर लगडलेलं. नारिंगी दिवे लावल्यासारखं. तोडणारं कोणी नाही.

याच भागात एका साध्या, दुपदरी रस्त्यावर बाईंनी आम्हाला थांबवलं. कित्येक वर्षं सीमा या रस्त्याने जात होती. पलीकडचा भाग 'परतणं अवघड' अशा वर्गातला, लोखंडी फाटकांनी बंद. अलीकडचा भाग त्याखालच्या वर्गातला, दिवसा येऊन घर झाडता येईल असा. फाटकं आता काढली आहेत, २०२३ च्या एप्रिलमध्ये पलीकडची बंदीही उठली. रस्ता ओलांडायला मला दहा पावलं लागली.

भरपाई याच रेषेवरून बदलत होती. घर सोडावं लागल्याच्या मनस्तापासाठी माणशी महिना १ लाख येन, असा दर सरकारी समितीने ठरवला. हा आकडा कुठून आला हे कळलं तेव्हा माझ्यातला क्लेमवाला जागा झाला. समितीने आधाराला धरलं होतं जपानच्या सक्तीच्या वाहन विम्याचं कोष्टक. गाडीच्या अपघातात जखमी झालेल्याला मनस्तापाचे दिवसाला ४,२०० येन, महिन्याचे १ लाख २६ हजार. मग हे लोक जखमी नाहीत म्हणून थोडं कमी. आपणही हेच करतो. नव्या दुःखाला दर नसतो, मग जुन्या दुःखाचं कोष्टक काढायचं आणि थोडं इकडेतिकडे करायचं. पण गाडीच्या अपघातात माणूस हॉस्पिटलमधून घरी जातो. इथे घरच नव्हतं.

पुढे एकूण रकमा अशा ठरल्या. पलीकडच्या वर्गातल्या माणसाला १ कोटी ४५ लाख येन, अलीकडच्याला ८५ लाख. वीस ते तीस किलोमीटरच्या पट्ट्यात, जिथे फक्त निघायची तयारी ठेवा असं सांगितलं होतं, तिथे १८ लाख. आणि त्याबाहेर फुकुशिमा शहरासारख्या ठिकाणी, जिथून आया लेकरांना घेऊन आपणहून निघून गेल्या, तिथे सुरुवातीला मोठ्या माणसाला एकदाच ८० हजार, मुलांना आणि गरोदर बायकांना ४ लाख. वारा काही समितीला विचारून वाहत नव्हता, पण कुठेतरी रेषा मारावी लागते. मी स्वतः आयुष्यभर रेषा मारल्या आहेत, मला समितीचा राग आला नाही. फक्त त्या दहा पावलांच्या रस्त्यावर उभं राहून बघितलं तर आकडे वेगळे दिसतात.

बाईंचं घर अलीकडे. समोरच्या घरातल्या बाई त्यांच्या शाळेतल्या मैत्रीण, दोघींच्या लेकी एका वर्गात. काकी कोणाच्या झाडाला आधी पिकते यावरून दरवर्षी चेष्टा चालायची. "आम्ही अजून फोन करतो," बाई म्हणाल्या, "पण पैशांबद्दल कधीच बोललो नाही. चौदा वर्षांत एकदाही नाही." मग थोडं थांबून, "तिला जास्त मिळाले, पण ती परत येऊ शकत नव्हती. मला कमी मिळाले, कारण मी परत येऊ शकत होते. मी कुठे आले?"

घराच्या किमतीचंही असंच. सहा वर्षं, म्हणजे ७२ महिने घर वापरता आलं नाही तर पूर्ण नुकसान धरायचं. त्याआधी बंदी उठली तर जितके महिने बाहेर राहिलात तितके ७२ ने भागून. आणि किंमत घसारा धरून. चाळीस वर्षांच्या लाकडी घराची घसारा जाऊन जी किंमत उरते, तिच्यात इवाकीत नवं घर येतं का? येत नाही. इंदूरला दर पावसाळ्यानंतर कोणीतरी माझ्या टेबलावर येऊन हेच भांडायचं, भिंत जुनी होती पण बांधायची तर नवीच ना! जपानात २०१३ मध्ये हे मान्य झालं आणि नवं घर घ्यायला लागणाऱ्या फरकाची वेगळी भरपाई जोडली गेली. ही गोष्ट त्यांनी चांगली केली असं माझं मत.

इवाकीत या लोकांचं स्वागतच झालं असंही नाही. हजारो माणसं अचानक आली, जागांचे भाव चढले, दवाखान्यांत गर्दी झाली, आणि यांना दर महिन्याला पैसे मिळतात ही बातमी पसरली. २०१२ च्या डिसेंबरात तिथल्या सरकारी इमारतींवर कोणीतरी 'आपत्तीग्रस्तांनो, परत जा' असं रंगवून ठेवलं. भरपाई मिळणारा माणूस शेजाऱ्याला कसा दिसतो, हे कुठल्याही कायद्यात लिहिलेलं नसतं.

दुसऱ्या दिवशी फुताबा. प्रकल्प याच गावाच्या आणि शेजारच्या ओकुमाच्या हद्दीत. अपघाताआधी फुताबात सुमारे सात हजार लोक राहायचे. सगळं गाव रिकामं झालं आणि ऑगस्ट २०२२ पर्यंत इथे एकही माणूस राहत नव्हता. आता दोनशेच्या आसपास आहेत. स्टेशन नवंकोरं, काही भिंतींवर मोठी रंगीत चित्रं, आणि त्यामागे रिकामे प्लॉट. पडकी घरं पाडून जमीन सारखी केली आहे. भूताच्या गावासारखं काहीतरी दिसेल असं भाचीला वाटलं होतं. प्रत्यक्षात ते विक्रीला काढलेल्या लेआउटसारखं दिसतं.

गावाच्या मुख्य रस्त्यावर पूर्वी एक कमान होती. 'अणुऊर्जा, उज्ज्वल भविष्याची ऊर्जा' अशा अर्थाची घोषणा तिच्यावर होती. ती ऐंशीच्या दशकात सहावीतल्या एका मुलाने गावाच्या स्पर्धेत लिहिलेली. मोठेपणी, अपघातानंतर, त्याच गृहस्थांनी कमान काढू नका, लोकांना दिसू दे म्हणून आग्रह धरला. कमान काढली गेली, पण ती घोषणा आता समुद्राजवळच्या स्मृतिसंग्रहालयात बघायला मिळते. संग्रहालय २०२० मध्ये उघडलं. तिथे गावकरी बसून आपली हकिकत सांगतात. सुरुवातीला त्यांना सूचना होती म्हणे, की बोलताना विशिष्ट संस्थांवर टीका करू नका. वर्तमानपत्रांत त्यावरून बरीच आरडाओरड झाली होती.

याच संग्रहालयाच्या बाकावर बसून मी भाचीकडून १७ जून २०२२ च्या निकालाबद्दल समजून घेतलं, आणि माझ्या दृष्टीने सगळ्या प्रवासातली ही सर्वांत अवघड गाठ.

कंपनीने पैसे द्यायचे हे ठरलेलंच होतं. पण हजारो लोकांनी सरकारवरही दावे लावले. त्यांचं म्हणणं साधं होतं. २००२ मध्ये सरकारच्याच भूकंप संशोधन संस्थेने सांगितलं होतं की या किनाऱ्यावर मोठी त्सुनामी येऊ शकते. २००८ मध्ये टेपकोने स्वतः हिशेब केला, तेव्हा लाट १५.७ मीटरपर्यंत चढू शकते असं निघालं. मग देखरेख करणाऱ्या सरकारने कंपनीला उपाय करायला का लावलं नाही? २०१७ मध्ये मायेबाशीच्या न्यायालयाने सरकारला पहिल्यांदा दोषी धरलं. २०२० मध्ये सेंदाईच्या उच्च न्यायालयानेही धरलं. बाकी काही निकाल उलटे गेले. शेवटी फुकुशिमा, गुन्मा, चिबा आणि एहिमे अशा चार ठिकाणचे दावे सर्वोच्च न्यायालयात गेले आणि तिथे सरकार सुटलं. कारण असं दिलं, की सरकारने आदेश दिला असता तरी भिंत बांधली गेली असती ती अंदाजातल्या लाटेसाठी. प्रत्यक्षात आलेली लाट तिच्याहून मोठी होती आणि वेगळ्या दिशेने आली. ती अडली नसती. चार न्यायमूर्तींपैकी तिघांचं हे मत. चौथे म्हणाले, भिंतच का? इमारतींत पाणी शिरणार नाही अशी व्यवस्था करता आली असती आणि अपघात टळला असता.

क्लेमच्या टेबलावरून बोलायचं तर मला चौथ्यांचं पटतं. कुलूप लावलं असतं तरी चोर आला असता, असं म्हणून कुलूप न लावणाऱ्याला सोडायचं का? पण बाईंना मी हे विचारलं तेव्हा त्या कुलपाबद्दल बोलल्याच नाहीत. त्या म्हणाल्या, "पैसे सरकारच्याच निधीतून आले. पण चूक झाली असं सरकारने म्हणायला हवं होतं. मला ते ऐकायचं होतं. पैसे कुठूनही आले असते."

संग्रहालयातून दक्षिणेकडे पाहिलं तर चारेक किलोमीटरवर प्रकल्प. अधेमध्ये, फुताबा आणि ओकुमा मिळून १,६०० हेक्टर जमिनीवर साऱ्या जिल्ह्यातली खरवडून काढलेली माती आणून ठेवली आहे, सुमारे १ कोटी ४० लाख घनमीटर. ती मार्च २०४५ पर्यंत जिल्ह्याबाहेर नेऊ असं सरकारने कायद्यातच लिहून दिलं आहे. या जमिनीवर लोकांची घरं, शेतं, थडगी होती. काहींनी जमीन विकली. काहींनी फक्त भाड्याने दिली, कारण विकली तर परतायचा हक्कच संपला.

इथे मला आमचं राजापूर आठवलं. आम्ही इंदूरकर मराठी, पण मूळ गाव राजापूर तालुक्यातलं, जैतापूरच्या खाडीच्या अलीकडे. तीन पिढ्यांत तिथे कोणी राहिलेलं नाही. कुलदैवताला मात्र अजून जातो. तुमच्यापैकी कितीतरी घरांत असंच असेल. खाडीपलीकडे माडबनच्या कातळावर ९,९०० मेगावॅटचा प्रकल्प व्हायचा आहे, त्यासाठी ९३८ हेक्टर जमीन घेऊन ठेवली आहे. प्रकल्प व्हावा की नाही यावर आमच्याच घरात दोन तट आहेत आणि गणपतीत जमलो की वाद होतो. तो इथे काढत नाही. पण गावी 'भरपाई' म्हटलं की सगळे जमिनीच्या दराबद्दल बोलतात. अपघात झाल्यास कोण किती देणार, यावर बोलताना मी तिथे कुणाला ऐकलं नाही.

आपला कायदा २०१० चा होता. त्यात प्रकल्प चालवणाऱ्याची जबाबदारी १,५०० कोटी रुपयांवर थांबत होती, त्यापुढे केंद्र सरकार, पण तेही एका आंतरराष्ट्रीय मापाने साधारण साडेतीन हजार कोटींच्या आसपास एकूण मर्यादा येईपर्यंत. त्याच वर्षी जूनमध्ये भोपाळच्या खटल्याचा निकाल लागला होता आणि देशभर संताप होता. १९८९ च्या तडजोडीत ४७ कोटी डॉलर घेऊन प्रकरण मिटवलं, ते पावणेसहा लाख माणसांत वाटलं गेलं, हे आम्हा मध्य प्रदेशवाल्यांना कोणी सांगायला नको. त्या संतापातूनच कायद्यात एक कलम आलं, की यंत्रात खोट असेल तर चालक पुरवठादाराकडून वसुली करू शकेल. परदेशी कंपन्या वर्षानुवर्षं त्यावर अडून राहिल्या. मी जपानहून परतलो आणि महिन्याभरातच, डिसेंबर २०२५ मध्ये, संसदेने 'शांती' नावाचा नवा कायदा मंजूर केला. खासगी कंपन्यांना दार उघडलं. २०१० चा कायदा गेला आणि पुरवठादाराचं ते कलमही गेलं, करारात लिहून घेतलं असेल तरच वसुली. सर्वांत मोठ्या अणुभट्ट्यांसाठी चालकाची कमाल जबाबदारी आता ३,००० कोटी, लहानांसाठी उतरत उतरत १०० कोटींपर्यंत.

जपानला लागलेले पाच लाख कोटी आणि आपले तीन हजार कोटी शेजारी ठेवून बघा. मी प्रकल्पाच्या बाजूचा असो की विरोधातला, क्लेम अधिकारी म्हणून एवढंच विचारीन, की उरलेली रक्कम कुणाच्या खात्यावर टाकायची?

फुकुशिमाच्या हिशेबातली आणखी एक गोष्ट नाट्याच्या मच्छीमारांना सांगावीशी वाटते. तिथे 'अफवेचं नुकसान' हे वेगळं खातं मानतात. मासळी तपासून स्वच्छ निघाली तरी गावाच्या नावामुळे कोणी घेत नसेल, तर तेही नुकसान. ऑगस्ट २०२३ मध्ये प्रकल्पातलं प्रक्रिया केलेलं पाणी समुद्रात सोडायला सुरुवात झाली, तेव्हाही मच्छीमारांसाठी वेगळी तरतूद करावी लागली.

नामिएच्या हमरस्त्यावरच्या बाजारात आम्ही ओबोरी-सोमा घडणीचे दोन पेले घेतले. दुहेरी भिंतीचे, गरम चहा धरला तरी हात भाजत नाही, आतून धावणारा घोडा आणि काचेवर बारीक तडे गेल्यासारखी जाळी. ओबोरी हे कुंभारांचं गाव बंद भागात गेलं. ज्या स्थानिक दगडापासून ही चमक यायची तो वापरता येईना. कुंभार पांगले, दुसरा दगड शोधून तीच छटा बसवायला त्यांना बराच खटाटोप करावा लागला. भट्टीची भरपाई मिळते, मातीची कशी मागायची? न्यायालयांनी मात्र हळूहळू 'गाव गमावल्याचं' नुकसान वेगळं मानायला सुरुवात केली, आणि डिसेंबर २०२२ मध्ये समितीनेही ते आपल्या नियमांत घेतलं. देऊळ, जत्रा, शेजार, ओळखीचा दुकानदार, हे सगळं मिळून एक गोष्ट असते आणि ती गेली तर तिचे पैसे द्यावे लागतील, हे कोष्टकात यायला अकरा वर्षं लागली.

शेवटचं ठिकाण उकेदोची प्राथमिक शाळा. समुद्रापासून तीनशे मीटरवर. त्या दुपारी शाळेत असलेली ८२ मुलं आणि शिक्षक धावत दीड किलोमीटरवरच्या ओहिराच्या टेकडीवर गेले, सगळे वाचले. शाळा जशीच्या तशी ठेवली आहे. छत लोंबतंय, तळमजल्यावर वाळूचे डाग, जिम्नॅशियमची लाकडी जमीन खचलेली, आणि पदवीदान समारंभासाठी लावलेलं फलकाचं कापड अजून वर.

शाळेभोवतीची वस्ती मात्र पुसली गेली. ११ मार्चच्या रात्री अग्निशमन दलाच्या गावकरी स्वयंसेवकांना ढिगाऱ्यांतून आवाज ऐकू आले. अंधार, पुन्हा लाट येण्याची भीती, साधनं नाहीत. उजाडताच येऊ असं ठरवून ते मागे फिरले. १२ तारखेला पहाटे पावणेसहाला दहा किलोमीटरच्या आतलं सगळं रिकामं करा असा आदेश आला. शोध सुरू झाला तो महिन्याभराने. या माणसांचा मृत्यू त्सुनामीने झाला की अणुअपघाताने? फॉर्ममध्ये एकाच खान्यात खूण करायची असते.

बाई इथे आत आल्या नाहीत, गाडीजवळ थांबल्या. वरच्या मजल्यावर एका वर्गात फळा आहे. शोधासाठी आलेल्या सैनिकांनी, पोलिसांनी आणि नंतर भेट द्यायला आलेल्या जुन्या विद्यार्थ्यांनी त्यावर खडूने लिहून ठेवलं आहे. भाची एकेक ओळ वाचून सांगत होती. बहुतेक ओळींत एकच गोष्ट होती, उकेदो पुन्हा उभं राहील. खिडकीतून बघितलं, तर गवत होतं, आणि त्यापलीकडे बंदरात परतलेल्या काही होड्या.